माळ्यावरचे भाडे

गेल्या वैशाखात माझा भाचा बायकोला घेऊन कॅनडात राहायला गेला. जाण्याआधी महिनाभर अक्काच्या सांगलीच्या दोन खोल्यांत सामानाचा पसारा मांडलेला होता, आणि त्या पसाऱ्यात मला एका ठरावीक कामासाठी बोलावणे आले. मी शाळामास्तर, तेव्हा हिशेब मी करावा, असे सर्वांनी परस्पर ठरवून टाकले होते. मी कादंबऱ्याही लिहितो, परंतु त्याचा उपयोग आमच्या घरात कोणाला कधी झालेला नाही. भाच्याने प्रश्न मोठा साधा घातला. "मामा, स्वस्तात स्वस्त कसं नेता येईल, तेवढं सांगा." मीही तो अंकगणिताचाच प्रश्न समजून कागद-पेन्सिल आणि किराणा दुकानातून आणलेला ताणकाटा घेऊन बसलो.

पहिली वाट विमानाची. त्यांच्या तिकिटावर माणशी दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलोंची, म्हणजे दोघांचे मिळून ९२ किलो फुकट जाणार होते. फुकट म्हणजे तिकिटातच धरलेले. त्यापुढे जास्तीची बॅग न्यायची तर तिचे पैसे वेगळे. ते आधी घरबसल्या भरले तर बहुधा कमी, आणि ऐन वेळी विमानतळावर भरावे लागले तर डोळे पांढरे होतील इतके. एक बॅग ३२ किलोंहून जड असेल तर बहुतेक कंपन्या ती घेतच नाहीत, कारण ती उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचा विचार त्या नियमात आहे. सगळ्या नियमांत मला हाच एक माणुसकीचा वाटला.

दुसरी वाट विमानाच्याच पोटातून, परंतु माल म्हणून. इथे मला एक नवीनच गणित भेटले. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करायचा, आणि त्याला ६००० ने भागायचे. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचे खरे वजन यांत जो मोठा, त्याचे पैसे द्यायचे. अक्काने हाताने शिवलेली एक गोधडी आणि दोन उशा आम्ही ७५ × ५० × ४० च्या खोक्यात घातल्या. काट्यावर ६ किलो भरले. गुणाकार दीड लाख. ६००० ने भागल्यावर २५ किलो. म्हणजे १९ किलो भाडे नुसत्या हवेचे! घनफळ शिकून पुढे काय उपयोग, असे विचारणाऱ्या माझ्या सातवीच्या पोरांना मी आता हे उदाहरण घालतो.

तिसरी वाट समुद्राची. न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या कंटेनरात अनेकांचा माल एकत्र भरतात, आणि ज्याची जेवढी जागा तेवढे त्याचे भाडे. इथे किलोपेक्षा घनमीटर चालतो. खोके एवढेसे असले तरी पुष्कळ ठिकाणी किमान एका घनमीटरचे पैसे घेतात. त्यामुळे पुस्तके, पितळेची भांडी असल्या जड पण आटोपशीर वस्तू समुद्राने, आणि गोधड्या पिशवीतली हवा काढून, चपट्या करून विमानाच्या बॅगेत, असा स्वस्ताईचा पहिला नियम माझ्या कागदावर उतरला. मात्र बोटीचे भाडे म्हणजे सगळा खर्च नव्हे. पलीकडच्या बंदरावर माल उतरवणे, गोदाम, कागदपत्रे, जकातीतून सोडवणूक, यांचे पैसे तिकडे मोजावे लागतात, आणि ते कित्येकदा बोटीच्या भाड्यालाही मागे टाकतात. म्हणून भाव विचारताना 'बंदरापर्यंत की दारापर्यंत' हे आधी विचारावे. लाकडी पेटी केली तर ते लाकूड तापवून आतली कीड मारल्याचा शिक्का त्यावर असावा लागतो. मिक्सर इथेच राहिला, कारण तिकडे घरातली वीज १२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या यंत्राला ती पुरत नाही.

समुद्राची वाट स्वस्त खरी, परंतु तीत माणूस आणि त्याचे सामान यांची ताटातूट होते. माणूस एका दिवसात पोचतो, सामान दीडदोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा. या ताटातुटीची गोष्ट निघाली की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण येते. न्यूयॉर्कला शिकत असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तके जमवली. ती हिंदुस्थानात पोचवण्यासाठी एका परिचिताकडे सोपवली. ती सगळी पोचली नाहीत. पुढे १९१७ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनहून त्यांना परतावे लागले. ते स्वतः मार्सेय बंदरातून एका बोटीने आले आणि त्यांचे सामान दुसऱ्या बोटीने निघाले. ती दुसरी बोट पाणतीराने बुडाली. माणूस वाचला याचा आनंद मानायचा, हे तर झालेच. परंतु उपास काढून घेतलेल्या पुस्तकांची किंमत कोणत्या घनमीटरने मोजायची, हे मला अजून कळलेले नाही.

सामान बोटीने पाठवायचे म्हटल्यावर दलालाने विम्याचा कागद पुढे केला. त्यात एक कलम होते, ते मला समजेना, म्हणून मी ते त्याला दोनदा समजावून सांगायला लावले. त्याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. प्रकार असा: बोट वादळात सापडली किंवा तिला आग लागली, आणि ती वाचवण्यासाठी कोणाचा तरी माल मुद्दाम समुद्रात टाकावा लागला किंवा मोठा खर्च करावा लागला, तर ते नुकसान एकट्याने सोसायचे नाही. ज्यांचा ज्यांचा माल वाचला, त्या सर्वांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात ते वाटून घ्यायचे. तुमची तीन खोकी सुखरूप असली तरी वाटा भरल्याशिवाय ती तुमच्या हातात मिळत नाहीत. ही रीत फार जुनी. ऱ्होड्स बेटातल्या दर्यावर्दी लोकांची म्हणून ती ओळखली जाई, आणि सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने करवलेल्या रोमन कायद्याच्या संग्रहात ती नोंदलेली आहे. २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' नावाची प्रचंड बोट सुवेझच्या कालव्यात आडवी अडकली, तेव्हाही तिच्या मालकाने हाच नियम पुकारला होता. त्यात आणखी एक बारकावा आहे. प्रवाशाच्या सोबत असलेले सामान या वाट्यातून मोकळे असते. जे तुम्ही स्वतःबरोबर नेता त्याचे देणे नाही. जे स्वतःपासून वेगळे करून दुसऱ्याच्या हवाली करता, त्याचे आहे. दलालाने हे अगदी कंटाळलेल्या आवाजात सांगितले. मी मात्र घरी येईपर्यंत तेच घोळवत होतो.

मग जकात. कॅनडाचा कायदा असा की तिथे वस्तीला येणाऱ्या माणसाने आपल्या मालकीच्या, आपल्याजवळ असलेल्या आणि आधी वापरलेल्या घरगुती वस्तू बिनजकातीच्या आणाव्यात. 'वापरलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. आहेरात आलेली भांडी अक्काने बारा वर्षे खोक्याबाहेर काढली नव्हती, सुनेसाठी म्हणून कोरी जपली होती. त्यांचा प्रश्न पडला. रोजची पोचे आलेली कढई मात्र नियमात चपखल बसली. आम्हा लोकांना वस्तू वापरण्यापेक्षा ठेवण्याची हौस अधिक. त्या हौसेला इतका सरळ टोला दुसऱ्या कोणी मारल्याचे मला आठवत नाही. पहिल्यांदा त्या देशात पाऊल ठेवताना दोन याद्या द्यायच्या असतात: एक सोबत आणलेल्या वस्तूंची, दुसरी मागाहून येणाऱ्यांची. दुसऱ्या यादीत जे लिहिले नसेल ते नंतर आले तर त्यावर जकात बसू शकते. म्हणजे आपले काय काय मागे आहे, हे माणसाला पहिल्याच दिवशी परक्या अंमलदारापुढे सांगावे लागते.

अन्नपूर्णेचाही प्रश्न निघाला. आमच्याकडे लग्नात मुलगी माहेरची अन्नपूर्णा घेऊन येते. अक्काकडची अन्नपूर्णा आमच्या पणजीची, आईकडून तिच्याकडे आलेली. ती सुनेबरोबर जावी अशी अक्काची इच्छा होती. परंतु आपल्याकडचा पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा म्हणतो की १०० वर्षे किंवा त्याहून जुनी मूर्ती अथवा कारागिरीची वस्तू, आणि ७५ वर्षांची महत्त्वाची हस्तलिखित पोथी, खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती तेवढी जुनी नसल्याचा दाखला पुरातत्त्व खात्याकडून मिळवता येतो, पण आमची तर तेवढी जुनी असल्याचीच घरात कौतुकाने गोष्ट सांगितली जाते. अंगठ्याएवढी पितळेची देवी. अक्काने ती पुसून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवली. "बरं झालं," ती म्हणाली, "तिला तरी कायद्यानं ठेवून घेतलं."

एवढे सगळे झाल्यावर उरलेले सामान मी मोजले. अकरा खोकी. कॉलेजची पुस्तके, क्रिकेटची बॅट, ढाली, सतार, लग्नाचे अल्बम, थंडीचे जुने कपडे, वायरींचा गुंता. भाचा सहज म्हणाला, "हे राहू दे माळ्यावर. नंतर बघू." मी वाटेच्या रकान्यात 'माळा' असे लिहिले, आणि खर्चाच्या रकान्यात शून्य. चारही वाटांत स्वस्तात स्वस्त तीच ठरली. अक्का दारात उभी होती. तिने कागदाकडे पाहिले आणि फक्त एवढे म्हणाली, "काकांची ट्रंक."

ती ट्रंक तुम्हाला सांगितली पाहिजे.

आमचे थोरले काका १९६९ साली अमेरिकेला गेले. परकीय चलनाची तेव्हा एवढी टंचाई की बाहेर जाणाऱ्याच्या हातावर सरकार आठ डॉलर ठेवी. विमानात २० किलो नेता येई. उरलेली एक ट्रंक मागाहून बोटीने पाठवायची ठरली होती. परंतु १९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धात सुवेझचा कालवा बंद पडला होता, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात, भाडे चढलेले. काकांनी लिहिले, कालवा उघडला की पाठवा. कालवा उघडला १९७५ च्या जूनमध्ये. वडिलांनी, म्हणजे आम्ही ज्यांना अण्णा म्हणत असू त्यांनी, लगेच पत्र घातले. उत्तर आले, 'असू दे, मी येईन तेव्हा बघू.' काका चारपाच वेळा आले. प्रत्येक वेळी दिवस थोडे होते.

ती ट्रंक गावभागातल्या आमच्या जुन्या घरात राहिली. दर दिवाळीला अण्णा ती खाली उतरवीत, बाहेरून पुशीत, डांबराच्या गोळ्या कडेने सरकवीत, आणि पुन्हा वर चढवीत. कुलूप कधी उघडले नाही, किल्ली काकांकडे. अक्काचे लग्न ठरले तेव्हा एका खोलीचा माळा काढून छत उंच करायचे होते. ट्रंकेला जागा नाही म्हणून ते राहिले. २००५ च्या पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढू लागले आणि तासाभरात घर सोडायची वेळ आली. मी तेव्हा पंचविशीत होतो. अण्णांनी मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी सगळ्यांत आधी ती ट्रंक शेजारच्यांच्या वरच्या मजल्यावर नेली. आईचे शिवणयंत्र खालीच राहिले. त्याच यंत्रावर तिने वीस वर्षे लोकांचे कपडे शिवून घराला हातभार लावला होता. पाणी उतरल्यावर ते पुसून तेल घालून पाहिले. चाक फिरले नाही. माझ्या एका कादंबरीची वहीही त्यात गेली, परंतु वाङ्मयाचे त्यात फारसे नुकसान झाले नसावे. आई काही बोलली नाही. पुढे पुष्कळ दिवस ती यंत्राच्या जागेवरून जाताना उगाच वळसा घालून जाई, एवढे मला आठवते.

२०१६ साली अण्णा वारले. तेराव्यानंतर आम्ही कुलूप फोडले. आत एक लोकरी सूट होता, त्याला कसर लागलेली. एक स्लाइडरूल, इंजिनियरिंगची चार पुस्तके, कंपासपेटी, आणि आजीने बांधून दिलेली मेतकुटाची पुडी. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, अजून ठेवली होतीत? टाकून द्यायची ना!" त्यांच्या आवाजात खरोखरीचे आश्चर्य होते. सत्तेचाळीस वर्षे झाली होती.

काका वाईट मनुष्य नव्हेत. अक्काच्या लग्नाला त्यांनी पैसे पाठवले, आईच्या ऑपरेशनलाही पाठवले. आपण कोणाच्या घरात एवढी वर्षे बिनभाड्याने राहत आहोत, हे त्यांना ठाऊकच नव्हते, इतकेच. आणि ठाऊक नसणे हीच मला या प्रकरणातली खरी नैतिक अडचण वाटते. वस्तू चोरली तर चोराला कळते. उसनी घेतली तर घेणाऱ्याला निदान अधूनमधून टोचते. पण मागे ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याच्या मनातून पहिल्याच हिवाळ्यात गळून पडते, आणि ज्याच्याकडे ती असते त्याच्या घरात मात्र वर्षावर्षाने जड होत जाते. समुद्रावर ज्याचा माल वाचला त्याने वाटा भरायचा, हे ऱ्होड्सच्या खलाशांना कळले होते. आमच्या घरात पुरात माल वाचला काकांचा आणि बुडाले यंत्र आईचे; आणि वाटा मागायचा असतो हे कोणाला सुचलेही नाही. सुचले असते तरी मागितला नसता. कुटुंबात असले हिशेब करू नयेत, असे आपण मानतो. ते मला मान्य आहे. परंतु हिशेब न केल्याने देणे नाहीसे होत नाही, ते फक्त जो बोलत नाही त्याच्या अंगावर पडते. आणि आपल्या घरांत न बोलणारी माणसे कोण असतात, हे मी सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, मुळात एवढा संग्रहच कशाला? अपरिग्रहाचा उपदेश आपल्याकडे पतंजलींपासून चालत आलेला आहे. गांधीजी १९३१ च्या ऑगस्टमध्ये गोलमेज परिषदेसाठी 'राजपुताना' बोटीने निघाले, तेव्हा सोबतच्या मंडळींनी बरोबर घेतलेल्या पेट्या पाहून ते फार नाराज झाले आणि त्यांतल्या बऱ्याचशा त्यांनी एडनहून परत पाठवायला लावल्या. चरित्र वाचताना हा प्रसंग आपल्याला आवडतो. सामान बांधायला बसल्यावर मात्र मनात येते की त्या पेट्या मुंबईत कोणीतरी उतरवून घेतल्याच असतील, कुठल्या तरी खोलीत त्यांना जागा करून दिली असेल. एकाच्या हलकेपणाला बहुधा दुसऱ्याची खोली लागते. तरीही गांधीजींचे मला एक पटते. काय नको ते त्यांनी वाटेत, स्वतः, सर्वांसमक्ष ठरवले. 'नंतर बघू' असे म्हटले नाही.

पुढच्या रविवारी मी भाच्याला माझा कागद दाखवला आणि 'माळा' या वाटेपुढचे शून्य खोडले. ट्रंकेची गोष्ट त्याने लहानपणी ऐकली होती, शिवणयंत्राची ऐकली नव्हती. तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटले, माझे काम झाले.

पण रागावली ती अक्का. "तुला कुणी विचारलं होतं?" ती म्हणाली. "माळा माझा, पोरगा माझा. तू मास्तर आहेस म्हणून सगळ्यांचे जमाखर्च तपासत फिरू नकोस." मग थोड्या वेळाने, भांडी आवरता आवरता म्हणाली, "अण्णा ट्रंक का पुसायचे, तुला काय वाटतं? ट्रंक होती तोवर त्यांचा भाऊ गेला नव्हता. नुसता बाहेर होता."

मी निरुत्तर झालो, आणि खरे सांगायचे तर अजूनही आहे. मागे ठेवलेली वस्तू ओझे असते तशीच ती तारणही असते. सावकाराच्या पेटीत जशी एखाद्याची पाटली पडून असते, आणि ती आहे तोवर माणूस सोडवायला येईल अशी आशा असते, तसे काहीसे. ते तारण फुकट जपायचे की त्याचे भाडे मागायचे, हा प्रश्न मागे राहणाऱ्याचा आहे. माझ्यासारख्या त्रयस्थाने तो सोडवू नये, हे अक्काचे म्हणणे बरोबर होते. तथापि आई मला आठवते, आणि आईला कोणी विचारले नव्हते. अण्णांचे तारण आईच्या यंत्राच्या किमतीवर राखले गेले. अक्का निदान स्वतःच्या माळ्याविषयी बोलत होती.

भाच्याने अकराही खोकी खाली घेतली. नवराबायको दोन रात्री बसली होती. पुस्तके आमच्या शाळेच्या कपाटात आली, त्यांतली इंजिनियरिंगची कोणी वाचील असे मला वाटत नाही, पण आली. बॅट गल्लीतल्या पोरांनी नेली आणि आठ दिवसांत तिचे हँडल सैल केले. सतार कोणी वाजवत नव्हते. ती मिरजेच्या एका तंतुवाद्य करणाऱ्या कारागिराकडे गेली, आणि तिचे थोडे पैसेही आले. कपडे दिले. ढाली कोणाला देता येईनात, त्या रद्दीवाल्याने वजनावर घेतल्या. हे सगळे त्यांनी आपल्या हातांनी केले. सून एकदा उठून गॅलरीत जाऊन आली, तिचे डोळे लाल होते. कशासाठी ते मी विचारले नाही.

एक खोके अक्काने सोडले नाही. त्यात त्याच्या शाळेच्या वह्या, एक फुटका रेडिओ, लहानपणाचे दोन स्वेटर असे काहीबाही होते. भाच्याने वाद घातला नाही. आत काय काय आहे ते त्याने कागदावर ओळीने लिहून काढले, एक प्रत खोक्याला चिकटवली आणि एक खिशात ठेवली. टोरांटोला उतरल्यावर त्याने मागाहून येणाऱ्या वस्तूंच्या यादीत बोटीने निघालेल्या मालाखाली आणखी एक ओळ घातली: एक खोके, वह्या व जुने कपडे. अंमलदाराने विचारले, हे कधी येणार? याने सांगितले, नक्की नाही. त्याने शिक्का मारला. त्या कागदाचे छायाचित्र अक्काच्या फोनमध्ये आहे. इंग्रजी वाचता येणाऱ्या प्रत्येकाकडून ती ते वाचून घेते.

परवा दिवाळीच्या साफसफाईला अक्काने मला हाक मारली. खोके खाली उतरवले, तिने ते ओल्या फडक्याने पुसले, कडेने डांबराच्या गोळ्या सरकवल्या. वर चढवण्यापूर्वी मी सवयीने ते ताणकाट्याला अडकवून पाहिले. साडेअकरा किलो भरले.